पोलाद जितकं कठीण, तितका चाकू चांगला?

खिशात बाळगायचा घडीचा चाकू घेताना हा सल्ला हमखास मिळतो. तो अर्धाच खरा आहे. पोलादाचा कठीणपणा मोजायच्या रॉकवेल सी मापावर ६१-६२ कठीणपणाचं पातं धार जास्त दिवस धरतं, पण कठीणपणा वाढला की चिवटपणा सहसा घटतो. मग कड नुसती दुमडत नाही, तिचे टवके उडतात आणि ती पुन्हा घासून काढणं जिकिरीचं होतं. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या चाकूंची पाती त्याच मापावर ५६च्या आसपास असतात. साध्या दगडावर त्यांना चटकन धार लागते. दोरी, खोकी, फळं यांना तेवढं पुरतं. त्यापेक्षा पातं धारेच्या मागे किती पातळ आहे ते बघा. जाड असेल तर महागडं पोलादही पुठ्ठ्यात अडकतं. आणि उघडलेलं पातं डुगडुगत असेल, तर तो चाकू घेऊच नका.