लाल कोळी माजला कसा?

फेब्रुवारी-मार्चचं ऊन तापलं, मण्यात साखर भरू लागली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत पानं तांबूस पडू लागतात. पान उलटलं की बारीक जाळी दिसते आणि तिच्यात लाल कोळी, पानाचा रस शोषणारी बारीक कीड. माल काढणीवर आलेला, त्यात रेसिड्यूची, म्हणजे मालात उरणाऱ्या औषधाच्या अंशाची धास्ती. अशा वेळी फवारायचं तरी काय?

ही कीड जुनीच, पण जगभरच्या फळबागांत ती डोईजड झाली दुसऱ्या महायुद्धानंतर, डीडीटी आल्यावर. औषधाने इतर किडी मेल्या आणि कोळ्याला खाणारेही मेले. कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियात ए. डी. पिकेट यांनी सफरचंदाच्या बागांत १९४०च्या दशकातच हे ओळखलं होतं. त्यांचं म्हणणं तेव्हाच मनावर घ्यायला हवं होतं.

कोळ्याला खाणाऱ्यांत सर्वांत कामाचा परभक्षी कोळी, फायटोसिइडी कुळातला. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्याला डोळे नसतात. पुढचे दोन पाय उचलून, चाचपडत तो वासावर शिकार शोधतो. नवल म्हणजे यातला बराचसा वास पानाचाच असतो: कोळ्याने रस शोषला की पान वेगळे गंध सोडतं आणि परभक्षी तिकडे वळतो. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगनच्या संशोधकांनी १९८०च्या दशकात हे उलगडून दाखवलं. शिकार भरपूर असली आणि हवा उबदार असली, तर अंड्यापासून प्रौढ व्हायला त्याला आठवडाभर पुरतो. म्हणूनच तो लाल कोळ्याच्या वाढीला गाठू शकतो.

यातली सर्वांत गाजलेली जात, फायटोसियुलस पर्सिमिलिस, १९५८ मध्ये चिलीहून जर्मनीत आलेल्या ऑर्किडवर सापडली आणि पुढे युरोपच्या काचघरांत रुळली. उघड्या बागांची वाट अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने दाखवली. तिथल्या परभक्षी कोळ्यात काही औषधं पचवण्याची ताकद आली होती. स्टॅनली हॉइट यांनी १९६०च्या दशकात त्याला सांभाळून फवारणी बसवली.

आपल्याकडे निओसियुलस लॉन्जिस्पायनोसस हा देशी परभक्षी आढळतो. सिंथेटिक पायरेथ्रॉइड त्याच्या कुळाला फार घातक; भुरी या बुरशीच्या रोगासाठी वारंवार मारलेलं गंधकही बऱ्याच जातींना बाधतं. दहापट भिंगातून पानाची मागची बाजू पाहावी: लाल कोळी जाळीत सुस्त बसलेला असतो, परभक्षी मात्र चकचकीत आणि सतत पळता.