प्रोस्टेट शस्त्रक्रिया आणि टेस्टोस्टेरॉनची पातळी

कर्करोगामुळे प्रोस्टेट म्हणजे अष्ठीला ग्रंथी पूर्ण काढल्यावर रोग उलटण्याची, म्हणजे पुन्हा डोके वर काढण्याची, शक्यता आणि रक्तातील टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक यांचा संबंध. टेस्टोस्टेरॉन बनवणारी वृषणे काढली की पसरलेला प्रोस्टेट कर्करोग ओसरतो, हे चार्ल्स हगिन्स व क्लॅरेन्स हॉजेस यांनी 1941 मध्ये दाखवले. हगिन्स यांना 1966 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून ‘संप्रेरक जास्त तर रोग जोरात’ हा समज पक्का झाला. तो अर्धाच खरा आहे. पेशींतील अँड्रोजेन ग्राहक (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी संप्रेरके पकडणारी प्रथिने) कमी पातळीलाच भरून जातात. त्यापुढे टेस्टोस्टेरॉन चढले तरी वाढीचा वेग फारसा बदलत नाही, असे आता मानतात. उलट कोणतेही औषध नसताना, शस्त्रक्रियेआधीच पातळी 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरखाली असलेल्यांत ग्लीसन गुणांक (सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोग किती आक्रमक दिसतो त्याचे माप) चढा असणे आणि पुढे पीएसए (प्रोस्टेटच्या पेशींतून रक्तात येणारे प्रथिन) वाढणे हे काही अभ्यासांत अधिक आढळले, काहींत नाही. म्हणून एकट्या या आकड्यावर उपचार ठरत नाहीत. औषधाने मुद्दाम उतरवलेली पातळी ही वेगळीच गोष्ट.

आकडा चुकतो तो बहुधा नमुना घेतानाच. रक्त सकाळी 7 ते 10 दरम्यान, उपाशीपोटी आणि दोन वेगळ्या दिवशी द्यावे. धडगाव, अक्कलकुव्याहून पहिल्या एसटीने नंदुरबार किंवा धुळे गाठेपर्यंत ही वेळ टळते, वाटेत चहा-नाश्ताही होतो. त्यामुळे आकडा खाली दिसतो. आदल्या संध्याकाळी मुक्कामाला येणे बरे. रावेर-यावल पट्ट्यात कृषिपंपाची लाइट रात्रीची असली की केळीला पाणी भरायला जागरण होते, आणि झोप बुडाली की टेस्टोस्टेरॉन उतरते. प्रयोगशाळा बदलल्यास एकक आधी वाचावे: 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, 3 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि 10.4 नॅनोमोल प्रति लिटर हे एकच. केसांसाठीच्या गोळ्यांतील बायोटिनने काही यंत्रांवर टेस्टोस्टेरॉन खोटे चढते, पीएसए खोटे उतरते; दोन-तीन दिवस आधी डॉक्टरांना विचारून त्या थांबवाव्यात.

शस्त्रक्रियेनंतर मुख्य लक्ष पीएसएवर. ते दर दोन-तीन दिवसांनी निम्मे होत जाते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांत मोजता न येण्याइतके उतरायला हवे. पुढे 0.2 नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर किंवा अधिक आले आणि दुसऱ्या तपासणीतही तसेच राहिले, तर रोग उलटला असे धरतात. ग्रंथी काढल्यावर काहींचे टेस्टोस्टेरॉन थोडे चढते. तो रोग उलटल्याचा पुरावा नव्हे. रोग उलटल्यास किरणोपचार पीएसए 0.5 च्या आत असताना सुरू झालेले चांगले. निवडक रुग्णांना त्यासोबत सहा महिने गोसेरेलिन (टेस्टोस्टेरॉन उतरवणारे इंजेक्शन) किंवा दोन वर्षे रोज 150 मिलिग्रॅम बायकॅलुटामाइड (टेस्टोस्टेरॉनला पेशींत अडवणारी गोळी) देतात.

गोसेरेलिन, ल्युप्रोलाइड या इंजेक्शनांनी टेस्टोस्टेरॉन आधी उसळते आणि तीन-चार आठवड्यांत 50 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरखाली येते. शरीरात रोग शिल्लक असेल तर ही उसळी भोवू शकते, म्हणून आधीपासून काही दिवस बायकॅलुटामाइड देतात. गोसेरेलिन 25 अंश सेल्सियसच्या आत ठेवायचे असते, काही ल्युप्रोलाइड 2 ते 8 अंशांत. जळगाव-भुसावळात मे महिन्यात पारा 44 च्या पुढे जातो, तेव्हा मेडिकलमधून घेतलेले इंजेक्शन मोटारसायकलच्या डिकीतून नेणे म्हणजे हजारो रुपयांचे औषध वाया घालवणे. थंड पेटीतून न्यावे. वृषणे काढण्याचा पर्याय स्वस्त असून त्यात पातळी काही तासांतच उतरते, पण तो कायमचा.

इंजेक्शन चालू असताना पीएसए वाढले, तर औषध बदलण्याआधी टेस्टोस्टेरॉन तपासावे. ते 50 च्या वर असेल, तर तारीख हुकली, औषध तापले किंवा सुई नीट बसली नाही असे काहीतरी झालेले असते. त्याखाली असूनही पीएसए चढत असेल, तरच कर्करोग संप्रेरकाला जुमानत नाही असे म्हणता येते.