श्वसनाचे व्हायरल आजार : अ‍ॅडमिट व्हायचा धोका कुणाला (बेळगाव सीमाभाग)

फ्लू, कोविड, आरएसव्ही असल्या व्हायरसनं सर्दी-खोकला-ताप येतो, बहुतेकजण आठवड्याभरात घरीच बरे होतात, पण काहींना अ‍ॅडमिट करावं लागतं आणि ते कोण हे वय, जुने आजार आणि फुफ्फुसं आधीच किती खराब झालीयत यावर बरंचसं ठरतं. नुसता ताप बघून अंदाज बांधू नका. म्हाताऱ्या माणसांना न्यूमोनिया होऊनही कधी कधी ताप फारसा नसतो, जेवण सुटतं, बोलणं असंबद्ध होतं, आणि घरचे म्हणतात वयामुळं असंल.

धोका जास्त तो पासष्टीच्या पुढच्यांना, लहान बाळांना (त्यात दिवस भरायच्या आधी जन्मलेली), गरोदर बायकांना, शुगर, हार्ट, किडनी, दमा असलेल्यांना, किमो चालू असलेल्यांना. २००९ च्या स्वाइन फ्लूत गरोदर बायका आणि खूप वजन असलेले तरुणही सीरियस झाले होते. शुगरवाल्यांचं दुहेरी असतं, इन्फेक्शननं शुगर वाढते आणि वाढलेल्या शुगरनं इन्फेक्शन आवरत नाही, वर मनानंच स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या तर आणखी चढते.

आपल्या भागात धूर आणि धूळ वेगळी धरायला पाहिजे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका, उद्यमबागच्या फौंड्रीतले कामगार, आणि खानापूरकडं चुलीपुढं जन्म काढलेल्या आज्ज्या, ज्यांनी बिडी कधी हातात धरली नाही तरी सीओपीडी (फुफ्फुसं खराब होऊन धाप लागायचा जुनाट आजार) झालेला असतो, या सगळ्यांनाही धोका जास्त. फ्लू पावसाळ्यातही वाढतो, नेमकं तेव्हाच ओल्या लाकडांचा धूर घरात कोंडतो आणि कणकुंबी-जांबोटीकडनं बेळगावला पेशंट आणायचं म्हणजे पावसात हाल, म्हणून तिकडच्या दम्याच्या पेशंटनं धाप वाढायची वाट बघत बसू नये.

बोटाला लावायच्या मशीनवर (ऑक्सिमीटर) ऑक्सिजन ९४ टक्क्यांच्या खाली आला तर डॉक्टरकडं जावं, ९० च्या खाली सीरियसच समजायचं. बोट गार असलं किंवा नेलपॉलिश असलं तर मशीन चुकीचं दाखवतं.

बाळाचं मात्र श्वास मोजून कळतं. ते शांत असताना अंगडं वर करून पोटाकडं बघत पूर्ण एक मिनिट मोजायचं, दोन महिन्यांच्या आतल्याला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याला ५०, पुढं पाच वर्षांपर्यंत ४० भरले तर श्वास जोरात चाललाय, लगेच दाखवा. बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असंल किंवा बाळ दूधच पीत नसंल तर मोजतही बसू नका, सरळ दवाखाना गाठा.