बडोद्याची मराठा संघातून फारकत

मराठा सत्तेच्या संघातून गायकवाडांचे बडोदे बाहेर पडले ती घडामोड, आणि तिचे संस्थानाच्या संरक्षणावर व इतर सत्तांशी असलेल्या संबंधांवर झालेले परिणाम. १८०२ मध्ये कंपनी सरकारशी झालेल्या खंबायतच्या तहापासून १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहापर्यंत ही फारकत टप्प्याटप्प्याने झाली. आपला शत्रू कोण, हे संघ सोडल्यावर कोण ठरवतो, हा या नोंदीतला मुख्य प्रश्न आहे.

मराठा संघाला लिखित घटना नव्हती. साताऱ्याचे छत्रपती, त्यांच्या वतीने कारभार करणारे पुण्याचे पेशवे आणि आपापल्या मुलखात फौज बाळगणारे शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड असे सरदार, हे सगळे वहिवाटीने बांधलेले होते. मोहिमेला फौज पाठवायची, खंडणी भरायची आणि गादीवर बसताना नजराणा देऊन पुण्याहून वस्त्रे आणायची, हे गायकवाडांचे मुख्य कर्तव्य. त्यांचा किताब ‘सेनाखासखेल समशेर बहादूर’. सेनापती दाभाड्यांच्या हाताखाली हे घराणे पुढे आले.

या नात्यात सुरुवातीपासून कडवटपणा होता. १७३१ मध्ये डभईजवळच्या लढाईत पहिल्या बाजीरावाने सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांचा पराभव केला. त्यात त्रिंबकराव मारले गेले आणि पिलाजी गायकवाड हरलेल्या बाजूला होते. १७५१ मध्ये पिलाजींचे पुत्र दमाजी यांना पेशव्यांनी कैद केले, आणि निम्मा गुजरात देण्याचे कबूल करून घेतल्यावरच सोडले. तरीही हेच दमाजी १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या बाजूने लढले. गायकवाडांना फितूर ठरवून मोकळे होणारे लेखन ही गोष्ट विसरते.

दमाजींच्या मृत्यूनंतर (१७६८) त्यांच्या मुलांत गादीचा तंटा लागला. पुण्याची मान्यता हवी म्हणून गोविंदराव आणि फत्तेसिंगराव यांनी एकमेकांवर चढ करीत नजराण्यांच्या बोली लावल्या, आणि कर्जाचा डोंगर तिथूनच वाढला. संघ सोडण्याचा पहिला प्रयत्न फत्तेसिंगरावांनी केला. जानेवारी १७८० मध्ये त्यांनी इंग्रज सेनानी जनरल गॉडर्डशी तह केला. पुढच्याच महिन्यात इंग्रजांनी अहमदाबाद जिंकून त्यांच्या हवाली केले. पण १७८२ मध्ये सालबाईच्या तहात इंग्रजांनी पेशव्यांशी समेट केला, आणि गायकवाडांना पूर्वीप्रमाणे पुण्याचे खंडणीदार म्हणून परत जावे लागले. नव्या दोस्ताला स्वतःचा तह महत्त्वाचा वाटला, हा धडा बडोद्याच्या दरबाराने वीस वर्षांनी पुरेसा आठवला नाही.

सप्टेंबर १८०० मध्ये गोविंदराव वारले आणि आनंदराव गादीवर आले. त्यांची प्रकृती कारभार पेलण्याजोगी नव्हती. एका बाजूने सावत्र भाऊ कान्होजी, दुसऱ्या बाजूने कडीचे जहागीरदार मल्हारराव. आणि या दोघांहून मोठा प्रश्न शहरातच बसलेला, तो म्हणजे अरब शिबंदीचा. पगार थकल्याने अरब जमादारांच्या हाती वेशी आणि खुद्द महाराजही होते. शिवाय सरकारच्या वचनांना जामीन तेच राहत. सावकाराचे कर्ज असो की एखाद्याला दिलेले अभय, अरब जमादाराने ‘बांहेधरी’ (जामिनकी) घेतली तरच लोक दरबारावर विश्वास ठेवत. राज्याच्या शब्दाला राज्याचेच भाडोत्री शिपाई जामीन, इतकी ही अवस्था बिकट होती. संघातील वडील म्हणून पुण्याने यात पडायला हवे होते. पण पुणे स्वतःच शिंदे-होळकरांच्या भांडणात सापडले होते. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दुसरा बाजीराव वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेला.

त्याआधीच दिवाण रावजी आप्पाजींनी मुंबईकर इंग्रजांना हाक दिली होती. मेजर अलेक्झांडर वॉकर आला. मार्च १८०२ मध्ये खंबायतला पहिला करार झाला. चोऱ्याशी परगणा आणि सुरतेची चौथ कंपनीला गेली. मल्हाररावांचा कडीला पाडाव झाला आणि जूनच्या करारानुसार २,००० शिपायांची तैनाती फौज ठरली. रावजींनी आपल्या दिवाणगिरीलाही कंपनीचे अभय मिळवले. प्रधानाची खुर्चीच परसत्तेच्या भरवशावर उभी राहिली. वर्षअखेरीस इंग्रज पलटणींनी बडोद्याला वेढा घालून अरबांना शरण आणले. त्यांच्या बांहेधऱ्यांची जागा कंपनीच्या बांहेधरीने घेतली. जामीन बदलला, जामिनाची गरज गेली नाही.

३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात पेशव्याने गायकवाड-कंपनी करारांना मान्यता दिली आणि आपापसातल्या दाव्यांत कंपनीची मध्यस्थी पत्करली. २१ एप्रिल १८०५ च्या पक्क्या तहाने फौज ३,००० पायदळ व युरोपीय तोफखान्याची एक कंपनी अशी झाली. तिच्या खर्चापोटी ११,७०,००० रुपये वार्षिक वसुलाचा मुलूख कायमचा तोडून दिला. त्यात एकट्या धोळक्याचे ४,५०,००० होते आणि नडियादचे १,७५,०००. शिवाय विजापूर, मातर, महुधा वगैरे. कंपनीला विचारल्याशिवाय युद्ध करायचे नाही, कुणा युरोपीयाला चाकरीत घ्यायचे नाही आणि पेशव्यांशी वाद झाला तर निवाडा कंपनीचा, हेही त्यात आले. संघातली खंडणी थकवता येत असे, तिच्यावर घासाघीस करता येत असे. तोडून दिलेला परगणा मात्र परत येत नसतो. प्रस्तुत लेखकाच्या मते या फारकतीतले खरे नुकसान इथे आहे. पुण्याचे नाते तुटण्यात ते तितके नाही.

या बदलाचा परिणाम शेजाऱ्यांना १८०३ मध्येच जाणवला. दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात इंग्रज फौजेने शिंद्यांचे भडोच घेतले आणि लगोलग पावागड. स्वच्छ हवेत बडोद्याहून दिसणारा हा डोंगर शिंद्यांकडे असल्याने पूर्वीच्या हिशेबात भाऊबंदाच्या हातात होता. आता तो शत्रूचा ठरला. शत्रू ठरवला कलकत्त्याने, म्हणजे कंपनीच्या गव्हर्नर जनरलने. लढाईनंतर भडोच गायकवाडांना मिळाले नाही, ते कंपनीकडेच राहिले.

पुण्याचा हिशेब मात्र मिटला नव्हता. पेशव्यांच्या अहमदाबादच्या हिश्शाचा इजारा (वसुलीचा मक्ता) गायकवाडांकडे होता; १८१४ मध्ये तो संपला आणि पेशव्याने तो परत दिला नाही. जुन्या बाकीचा दावाही उभा होता. गंगाधरशास्त्री पटवर्धन हे कंपनीच्या जामिनकीवर बडोद्याचे वकील म्हणून पुण्याला गेले. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात, यात्रेच्या निमित्ताने पेशव्याचा मुक्काम तिथे असताना, शास्त्र्यांचा खून झाला. दोष पेशव्याच्या मर्जीतले कारभारी त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. त्यांना ठाण्याला कैदेत ठेवले, आणि १८१६ मध्ये ते निसटले. एका वकिलाच्या खुनातून पुण्यातला कंपनीचा रेसिडेंट (दरबारातला प्रतिनिधी) माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याला पेशव्यावर तह लादण्याचे कारण मिळाले. १८१७ च्या त्या तहात बाजीरावाने मराठा संघाचे प्रमुखपद सोडले आणि सालीना ४ लाख रुपयांच्या बदल्यात गायकवाडांवरचे मागचे दावे मिटवले. बडोदे कायद्याने मोकळे झाले. वर्षभरात पेशवाईच बुडाली, म्हणजे ज्या संघातून बाहेर पडायचे तो संघच उरला नाही.

मोकळेपणाची व्याप्ती १८२० मध्ये कळली. काठेवाडात दरसाल मुलूखगिरीची फौज पाठवून खंडणी आणण्याची गायकवाडांची रीत वॉकरच्या १८०७ च्या ठरावाने आधीच आखडली होती. आता काठेवाड आणि महीकांठ्यात कंपनीच्या संमतीशिवाय फौज धाडायची नाही, खंडणी कंपनीच वसूल करून देईल, असे ठरले. दुसऱ्या सयाजीरावांकडे कारभार सोपवताना परराज्यसंबंध कंपनीने स्वतःकडे ठेवले. बाहेरचा हल्ला आता होणार नव्हता. गादीला धोका उरला तो रक्षणकर्त्याकडूनच: १८२८ मध्ये बांहेधरीतल्या कर्जासाठी इंग्रजांनी सयाजीरावांचे काही महाल जप्त केले. १८७५ मध्ये तर तेव्हाचे बडोद्याचे राजे मल्हारराव महाराज (कडीचे जहागीरदार ते वेगळे) यांच्यावर रेसिडेंट कर्नल फेअरला विष घालण्याच्या प्रयत्नाचा आरोप ठेवून चौकशी झाली. आयोगात तीन विरुद्ध तीन असा मतभेद होऊनही गैरकारभाराच्या कारणाने त्यांना गादीवरून काढले. त्यानंतर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून आणलेला मुलगा तिसरा सयाजीराव झाला. बडोद्याच्या मराठी माणसाला सयाजीरावांचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. पण त्यांचे गादीवर येणे हेही १८०२ च्या करारांचे फळ होते, हे या शहराने विसरू नये. फत्तेगंज भागात त्याच इंग्रज फौजेची छावणी होती.

संघ सोडण्याचे आजच्या काळातील ठळक उदाहरण ब्रिटनचे. ३१ जानेवारी २०२० रोजी त्याने युरोपीय संघ सोडला. त्या संघात बाहेर पडण्याची वाट लिखित होती, मराठा संघात नव्हती. ब्रिटनचे नाटोतील सदस्यत्व अबाधित राहिले, कारण ती संघटना वेगळी आहे. फरक पडला तो पोलिसी कामात: २०२० च्या अखेरीस शेंगेन माहितीजालात (युरोपीय पोलिसांच्या सामायिक नोंदींत) थेट पाहण्याची सोय गेली, युरोपोल या युरोपीय पोलीस संस्थेचे सदस्यत्व गेले, आणि युरोपीय अटक वॉरंटच्या जागी व्यापार करारातली आरोपींच्या हस्तांतराची नवी पद्धत आली. मे २०२५ मध्ये ब्रिटनने त्याच संघाशी सुरक्षा व संरक्षण भागीदारी केली. ब्रिटन अण्वस्त्रधारी आणि कर्जासाठी परक्या जामिनावर न विसंबणारे राष्ट्र असल्याने त्याला नवे करार बरोबरीने करता आले. १८०२ च्या बडोद्याकडे पगारापुरताही पैसा नव्हता.

१९४७ च्या भारतीय स्वातंत्र्य कायद्याने ब्रिटिश सार्वभौमत्व आणि त्याबरोबर संस्थानांशी केलेले तह संपले. त्याआधीच, एप्रिल १९४७ मध्ये, बडोद्याचे प्रतिनिधी संविधान सभेत दाखल झाले होते. १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. तैनाती फौजेच्या खर्चापायी १८०५ मध्ये तोडून दिलेले धोळके व नडियाद आणि बडोदे शहर त्या दिवशी पुन्हा एका राज्यात आले.