संकरित कापूस

संकरित कापूस : कपाशीच्या दोन वेगळ्या वाणांचा संकर करून मिळालेली पहिल्या पिढीची सरकी पेरून घेतलेले पीक. ज्वारी, बाजरी, मका यांचे संकरित वाण अनेक देशांत पेरले जातात. कपाशीचे मात्र एवढ्या मोठ्या प्रमाणावर फक्त भारतातच पसरले. देशातील कपाशीचे बहुतेक क्षेत्र आज संकरित वाणांखाली आहे. असे होण्यामागे शास्त्राइतकाच मजुरीच्या दराचाही हात आहे.

कपाशीच्या चार जाती लागवडीत आहेत आणि त्या चारही पिकवणारा देश भारतच. गॉसिपियम आर्बोरियम आणि हर्बेशियम या दोन देशी जाती. त्यांच्या पेशीत २६ गुणसूत्रे असतात. हिर्सुटम म्हणजे अमेरिकन कापूस आणि बार्बाडेन्स म्हणजे इजिप्शियन अथवा सी-आयलंड प्रकारचा लांब धाग्याचा कापूस. या दोघींत गुणसूत्रे ५२. देशी कपाशी चिवट असते. ती पाण्याचा ताण सोसते, तुडतुडे-माव्याला सहज बळी पडत नाही. पण तिचा धागा आखूड आणि जाडाभरडा. अमेरिकन कपाशीचा धागा लांब, पण झाड नाजूक. दोघींचे गुण एकत्र आणावेत म्हटले तर गुणसूत्रांची संख्या आड येते. सरळ संकरातून ३९ गुणसूत्रांचे वांझ झाड निघते.

हा पेच १९४७ मध्ये एकदम टोकदार झाला. फाळणीनंतर कापडगिरण्या बहुतांशी भारतात राहिल्या आणि लांब धाग्याचा कापूस पिकवणारा सिंध व पश्चिम पंजाबचा कालव्याखालचा मुलूख पाकिस्तानात गेला. भारतातल्या कपाशीच्या क्षेत्रात तेव्हा जवळजवळ सगळीकडे देशी वाण होते. मुंबईच्या गिरण्यांना लागणारा कापूस परकीय चलन मोजून आणावा लागे. त्यामुळे पुढची वीस-पंचवीस वर्षे पैदासकारांपुढे धाग्याची लांबी हेच मुख्य उद्दिष्ट राहिले. १९६७ मध्ये कोइमतूर येथे मुख्यालय असलेला अखिल भारतीय समन्वित कापूस सुधार प्रकल्प सुरू झाला आणि राज्याराज्यांतल्या चाचण्या एका सूत्रात आल्या.

सुरतच्या कापूस संशोधन केंद्रातील डॉ. चंद्रकांत पटेल यांनी ‘गुजरात ६७’ आणि ‘अमेरिकन नेक्टरीलेस’ या दोन हिर्सुटम वाणांचा संकर करून १९७० मध्ये ‘संकर-४’ (एच-४) दिला. व्यापारी लागवडीसाठी प्रसारित झालेला हा जगातील पहिला संकरित कापूस. दोनच वर्षांनी धारवाडहून डॉ. बी. एच. कटरकी यांचा ‘वरलक्ष्मी’ आला. यात आई हिर्सुटम (‘लक्ष्मी’) आणि बाप बार्बाडेन्स, म्हणजे दोन जातींचाच संकर. ५२ गुणसूत्रांच्या दोन जाती असल्याने पहिली पिढी वांझ निघत नाही. ‘वरलक्ष्मी’चा धागा तलम सुतासाठी चालला आणि आयातीवरचा भार हलका झाला. मात्र हे पीक शेतात फार दिवस उभे राही, पाणी मागे आणि बोंडअळीला आवडे. महाराष्ट्रात नांदेडचा ‘एनएचएच-४४’ कोरडवाहू शेतीतही तगला, म्हणून त्याचे नाव जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी अजून आहे. लांब धागा संकरित बियाण्याविनाही मिळू शकतो, हे कोइमतूरच्या ‘सुविन’ने (१९७४) दाखवले. ‘सुजाता’ आणि ‘सेंट व्हिन्सेंट’ यांच्या संकरातून पिढ्यान्‌पिढ्या निवड करत स्थिर केलेला हा सरळ वाण (ज्याची घरची सरकी पेरली तरी गुण टिकतात असा) भारतातला सर्वांत तलम कापूस मानला जातो.

संकरित सरकी तयार कशी होते हे पाहिल्याशिवाय तिची किंमत कळत नाही. कपाशीच्या एकाच फुलात स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात, त्यामुळे फूल आपल्याच परागाने फळते. ते थांबवायचे तर उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरावी लागते. ती इतर कळ्यांपेक्षा लांबट दिसते आणि तिच्या टोकाशी पाकळीचा मलईसारखा रंग डोकावत असतो. अंगठ्याच्या नखाने कळीच्या बुडाशी चीर देऊन पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी एका वळशात सोलून काढायची. आतली कोवळी कुक्षी दुखावता कामा नये, पण परागकोश एकही मागे राहता कामा नये. मग तिच्यावर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतले ताजे फूल तोडून त्याचे पराग कुक्षीवर चोळायचे आणि देठाला दोरा बांधायचा. एक नर फूल चार-पाच माद्यांना पुरते. दोरा नसलेले बोंड म्हणजे आपसूक फळलेले. त्याची सरकी संकरात मिसळू द्यायची नसते. बियाण्याच्या प्लॉटवर या सगळ्याला सरळ ‘क्रॉसिंग’ म्हणतात. बहर असेपर्यंत, म्हणजे कित्येक आठवडे, हे रोज चालते. नर-वंध्य, म्हणजे स्वतःचे पराग न धरणाऱ्या, वाणांमुळे कळ्या सोलण्याचे काम वाचते, तरी पराग चोळायला माणूस लागतोच. हे काम प्रामुख्याने बाया करतात, आणि गुजरात, आंध्र, कर्नाटकातल्या प्लॉटवर लहान मुलीही राबतात हे १९९० च्या दशकापासून उघड झाले. अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात एवढी माणसे या मजुरीत मिळणे शक्य नव्हते. संकरित कापूस तिथे का रुजला नाही याचे निम्मे उत्तर इथे आहे.

उरलेले निम्मे उत्तर धंद्यात आहे. संकरित पिकाची सरकी राखून पुन्हा पेरली तर दुसऱ्या पिढीत गुण फाकतात, झाडे उंच-बुटकी, लवकर-उशिरा अशी येतात. म्हणजे दरवर्षी नवे पाकीट घेणे आले. सरळ वाणाची घरची सरकी पेरणारा शेतकरी बियाणे कंपनीच्या कामाचा नसतो.

मार्च २००२ मध्ये केंद्र सरकारने बीटी कपाशीला परवानगी दिली ती तीन संकरित वाणांनाच. ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ (बीटी) या जिवाणूतील बोंडअळीला मारक असे क्राय१एसी जनुक अमेरिकन वाणातून उलट संकराने, म्हणजे मूळ वाणाशी पुन्हापुन्हा संकर करून, भारतीय संकरांच्या मातृ-पितृ वाणांत उतरवले होते. दोन जनुकांचे बीटी २००६ मध्ये आले. २००२-०३ मध्ये १३६ लाख गाठींवर असलेले उत्पादन २०१३-१४ मध्ये चारशे लाखांच्या उंबरठ्यावर गेले आणि देश मोठा निर्यातदार झाला. या वाढीचे सगळे श्रेय जनुकाला देणे बरोबर नाही. त्याच काळात गुजरातेत सिंचन वाढले, नवी कीटकनाशके आली आणि लागवडीचे क्षेत्रही फुगले. हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या मात्र बीटीमुळे खरोखरच कमी झाल्या.

गुलाबी बोंडअळीने हिशेब बिघडवला. ही अळी सरकीच्या आत राहते आणि जवळजवळ कपाशीवरच जगते. महाग बियाणे म्हणून शेतकरी अंतर ठेवून लावतो. विरळ लावलेले झाड पसरते, बोंडे टप्प्याटप्प्याने धरते आणि सहा-सात महिने शेतात राहते. त्यावर फरदड घेतली, म्हणजे वेचणी संपल्यावरही तेच पीक पुढे राखले, की अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळते. अळीत बीटीविरुद्ध प्रतिकारशक्ती येणे लांबवण्यासाठी ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत बिगरबीटी सरकीची १२० ग्रॅमची पुडी असे, ती बांधाच्या कडेने लावायची. बहुतेक पुड्या लावल्याच गेल्या नाहीत. पुढे दोन्ही सरकी एकत्र मिसळूनच विकायची वेळ आली. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात डोमकळ्या (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुले) आणि कवडी कापूस (नीट न फुटलेला, डागाळलेला) असे चित्र होते. वरून निरोगी दिसणारे हिरवे बोंड फोडले की आत गुलाबी अळी निघे.

म्हणून आता बुटक्या, आटोपशीर, लवकर येणाऱ्या वाणांकडे लक्ष वळले आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सरळ वाण घेऊन सघन लागवडीचे प्रयोग केले. १२० × ६० सेंमी अंतरावर हेक्टरी सुमारे चौदा हजार झाडे बसतात, तर ९० × १५ सेंमी अंतरावर चौऱ्याहत्तर हजार. दर झाडाला बोंडे थोडी, पण ती एकदम फुटतात आणि शेत लवकर रिकामे होते. ब्राझीलसारख्या देशांत दाट लागवड सरळ वाणांवरच चालते. भारतात मात्र बाजारात सरळ वाणांचे बियाणे पुरेसे मिळत नाही, आणि सघन लागवडीच्या अलीकडच्या प्रकल्पांतही बहुधा संकरित बीटीचीच पाकिटे एकरी जास्त संख्येने वापरली जातात.