हायब्रिड मोटारीचे अ‍ॅव्हरेज

पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाडीतून लिटरमागे जास्तीत जास्त किलोमीटर निघतील अशी चालवण्याची रीत. ही नोंद ‘स्ट्राँग हायब्रिड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या, बाहेरून चार्ज न होणाऱ्या गाड्यांपुरती आहे. जगात अशा गाड्यांचे मोठे उत्पादन टोयोटाच्या प्रियसने डिसेंबर १९९७ मध्ये जपानमध्ये सुरू केले. भारतात २००८ मध्ये होंडा सिव्हिक हायब्रिड आणि २०१० मध्ये प्रियस आली, पण किमतीमुळे दोन्ही गाड्या मोजक्यांच्याच दारात उभ्या राहिल्या. २०२२ मध्ये होंडा सिटी ई:एचईव्ही, मारुती ग्रँड व्हिटारा, टोयोटा हायरायडर आणि इनोव्हा हायक्रॉस पाठोपाठ आल्या, तेव्हा कुठे हा विषय मध्यमवर्गीय घरांत बोलला जाऊ लागला. ‘माइल्ड हायब्रिड’ गाड्यांत मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते, एकटीने गाडी ओढत नाही. त्यांना पुढचे बरेचसे लागू पडत नाही.

सगळी ऊर्जा टाकीतलीच

हायब्रिड घेणाऱ्याचा पहिला गैरसमज बॅटरीबद्दल असतो. डॅशबोर्डवर ‘ईव्ही’ अशी हिरवी खूण दिसली की गाडी फुकट चालली आहे असे वाटते. पण या गाडीला भिंतीतल्या प्लगची वीज मिळत नाही. बॅटरीत जे काही येते ते इंजिनाने जाळलेल्या पेट्रोलमधून येते: कधी इंजिनाने थेट जनित्र फिरवून, कधी आधी गाडीला वेग देऊन आणि मग तो वेग ब्रेक लावताना परत मिळवून. प्रत्येक वेळी रूप बदलताना थोडी ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. ब्रेकमधून बॅटरीत आणि बॅटरीतून पुन्हा चाकांवर असा फेरा पूर्ण होईपर्यंत जवळपास निम्मी ऊर्जा गळालेली असू शकते.

बॅटरीही फार मोठी नसते. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरच्या बॅटरीची क्षमता ०.७६ किलोवॉट-तास आहे, म्हणजे घरच्या वीजबिलाच्या भाषेत पाऊण युनिट. आयुष्य टिकावे म्हणून संगणक ती कधी पूर्ण भरू देत नाही आणि पूर्ण रिकामीही होऊ देत नाही. मधलाच भाग वापरतो. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट ऊर्जा असते आणि चांगल्या इंजिनातून त्यातले साडेतीन युनिट कामाला येतात. या मापाने बॅटरीतला वापरता येणारा साठा कटिंग चहाच्या ग्लासभर पेट्रोलइतका ठरतो. एवढ्याशा साठ्यावर गाडीचे अ‍ॅव्हरेज पंचविसाच्या घरात जाते, कारण हा साठा दिवसभरात पुन्हा पुन्हा भरतो आणि रिकामा होतो.

मग फायदा नेमका कुठे होतो? पेट्रोल इंजिन हलक्या ओझ्यावर फार उधळे असते. रांगेत सरकताना, सिग्नलला उभे असताना, सपाट रस्त्यावर ३० च्या वेगाने जाताना त्याची कार्यक्षमता तळाला जाते. मध्यम ओझ्यावर ते सर्वांत काटकसरीने चालते. हायब्रिडमधली इंजिने अ‍ॅटकिन्सन चक्रावर चालतात. जेम्स अ‍ॅटकिन्सन या ब्रिटिश अभियंत्याने १८८२ मध्ये मांडलेल्या कल्पनेचे हे आधुनिक रूप. त्यात झडपा उशिरा बंद करून वायूच्या प्रसरणातून जास्त काम काढून घेतले जाते. असे इंजिन हळू फिरत असताना त्याला जोर कमी असतो, आणि ती उणीव मोटर भरून काढते. टोयोटाच्या चौथ्या पिढीच्या प्रियसमध्ये या इंजिनाची ऊष्मीय कार्यक्षमता ४० टक्क्यांवर पोहोचली. थोडक्यात, इंजिन चालेल तेव्हा ते त्याच्या आवडत्या ओझ्यावर चालावे, आणि तसे जमत नसेल तेव्हा सरळ बंद राहावे, यासाठी हा सगळा खटाटोप आहे. ड्रायव्हरने एवढे ध्यानात ठेवले तर बाकीच्या सवयी त्यातूनच निघतात.

अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक

‘हळू चालवा, अ‍ॅव्हरेज वाढेल’ हा सल्ला हायब्रिडमध्ये अर्धाच खरा आहे. सिग्नल सुटल्यावर पाय अगदी जपून, अंड्यावर ठेवल्यासारखा ठेवला, तर गाडी बराच वेळ बॅटरीवर रांगते. मग तीच बॅटरी भरण्यासाठी इंजिनाला जादा राबावे लागते. त्यापेक्षा पहिली काही मीटर मोटरवर जाऊ द्यावीत, मग मोकळेपणाने पण दांडगाई न करता वेग घ्यावा आणि हवा तो वेग आला की पाय सैल करावा. टोयोटा आणि मारुतीच्या गाड्यांत चार्ज, इको आणि पॉवर असे पट्टे असलेला काटा असतो. वेग घेताना काटा इकोच्या वरच्या भागात असला तरी चालतो. पॉवरमध्ये शिरला की समजावे, पेट्रोल जास्त जाते आहे.

वेग धरून झाल्यावर पाय किंचित उचलला की इंजिन बंद पडते आणि गाडी घरंगळत राहते. पाय पूर्ण उचलू नये. पूर्ण उचलला तर संगणक इंजिन-ब्रेकची नक्कल करतो, म्हणजे मोटर जनित्र होऊन गाडीला मागे ओढू लागते. अ‍ॅक्सिलरेटर केसभर दाबून धरला की ऊर्जा चाकांकडेही जात नाही आणि बॅटरीकडेही जात नाही. पडद्यावरचे सगळे बाण नाहीसे होतात. काटकसरीने चालवणाऱ्यांची ही सर्वांत आवडती अवस्था आहे. गाडीत साठलेला वेग वीज करून ठेवण्यापेक्षा वेग म्हणूनच वापरला तर गळती होत नाही.

म्हणूनच ब्रेकमधून वीज परत मिळते म्हणून बिनधास्त ब्रेक मारावा, हा हिशेब चुकतो. माणसांसह दीड टन भरणारी गाडी ६० च्या वेगाला आणायला साधारण १५-१६ मिलिलिटर पेट्रोल खर्च होते. नेहमीच्या गाडीत ब्रेक मारताच ते सगळे वाया जाते, तर हायब्रिडमध्ये निम्म्याच्या आसपास परत येते. पुढचा सिग्नल लाल आहे हे दोनशे मीटर आधी पाहून पाय सैल केला, तर ब्रेकची वेळच उरत नाही. ब्रेक लागलाच तर आधीपासून, हलका आणि लांबपर्यंत लावावा. जोरात दाबला की मोटरच्या आवाक्याबाहेरचा भार ब्रेक पॅडवर जातो, आणि पॅडवर गेलेली ऊर्जा परत येत नाही.

वेग घ्यायचा, मग इंजिन बंद ठेवून घरंगळायचे, वेग उतरला की पुन्हा घ्यायचा, या पद्धतीला ‘पल्स अँड ग्लाइड’ म्हणतात. अमेरिकेत वेन गर्डिस आणि त्याच्यासारख्या हौशी चालकांनी ती लोकप्रिय केली. ऑगस्ट २००५ मध्ये पिट्सबर्ग येथे पाच चालकांनी आळीपाळीने एक प्रियस चालवून एका टाकीत १,३९७ मैल, म्हणजे सुमारे २,२५० किलोमीटर अंतर कापले; अ‍ॅव्हरेज लिटरला ४६ किलोमीटरच्या वर गेले. त्या पिढीच्या प्रियसमध्ये ताशी ६७ किलोमीटरच्या वर इंजिन फिरते ठेवावे लागे, म्हणून हा सगळा प्रयोग त्याहून कमी वेगात झाला. पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर मागे गाड्यांची रांग असताना असा चढ-उतार करत जाणे इतरांना जाचक होते आणि धोक्याचेही. मोकळ्या रस्त्यावर जेवढे सहज जमेल तेवढेच करावे. ट्रकच्या अगदी मागे राहून वाऱ्याचा अडथळा चुकवण्याची युक्ती तर मुळीच करू नये. चार थेंब पेट्रोलसाठी जीव टांगणीला लावण्यात काही अर्थ नाही.

घाट

हायब्रिडची खरी मर्यादा घाटात कळते. लोणावळा-खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी साधारण ५५० मीटर खाली येते. दीड टनाच्या गाडीसाठी या उंचीत सव्वादोन युनिट ऊर्जा दडलेली असते. त्यातली बरीच वाऱ्याच्या आणि टायरच्या विरोधात जाते. उरलेली परत मिळू शकते, पण पाऊण युनिटच्या बॅटरीत मधल्या भागापुरतीच जागा असते. त्यामुळे घाट संपण्याच्या खूप आधी बॅटरी भरते आणि पुढची ऊर्जा साठवायला ठिकाण उरत नाही. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना ही उंची दुपटीहून अधिक असते.

यावर उपाय म्हणजे उतार सुरू होण्याआधी बॅटरी शक्य तेवढी रिकामी करणे. गाडी फक्त मोटरवर चालवणाऱ्या ईव्ही बटणाचा एरवी उपयोग कमी आणि नुकसान जास्त असते, कारण वापरलेली वीज नंतर इंजिनाला भरून द्यावी लागते. पण लोणावळा गावातले शेवटचे दोन-तीन किलोमीटर हे त्या बटणाचे हक्काचे ठिकाण आहे. उतारावर बॅटरी भरली की टोयोटा आणि मारुतीच्या गाड्यांत गिअर ‘बी’मध्ये घ्यावा. त्यात इंजिन पेट्रोल न घेता फिरते आणि गाडी रोखून धरते, ब्रेक तापत नाहीत. सपाट रस्त्यावर मात्र ‘बी’मध्ये चालवले तर अ‍ॅव्हरेज घसरते.

उतारावर गाडी न्यूट्रलला सोडायची जुनी सवय आपल्याकडे पुष्कळांना आहे. हायब्रिडमध्ये तिने दुहेरी नुकसान होते. न्यूट्रलमध्ये बॅटरी भरत नाही, म्हणजे घाटाची फुकटची ऊर्जा हातची जाते, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सिग्नलवरही हेच घडते. न्यूट्रलला टाकून एसी चालू ठेवला तर बॅटरी उतरत जाते आणि इंजिन ती भरू शकत नाही. गाडी ‘डी’मध्ये, म्हणजे पुढे जाण्याच्या गिअरमध्ये, ठेवून ब्रेकवर पाय ठेवावा, इंजिन आपोआप बंद असतेच.

ऊन, एसी आणि बॅटरीचा वारा

थंड देशांतल्या हायब्रिड मालकांची निम्मी धडपड इंजिन लवकर गरम करण्यासाठी असते. पाणी तापेपर्यंत इंजिन बंद होत नाही, म्हणून ते पुढची जाळी फोमने झाकतात. अमेरिकेतल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये तर गरम कूलंट साठवणारा थर्मासच बसवलेला होता. आपल्या हवेत जाळी झाकणे निरर्थक आणि इंजिनाला घातकही आहे. त्यातले एवढेच घेण्यासारखे: दहा मिनिटांची चार कामे वेगवेगळी करण्यापेक्षा एका फेरीत उरकावीत, म्हणजे इंजिन एकदाच तापते.

आपल्याकडे अ‍ॅव्हरेज खातो तो एसी. हायब्रिडमध्ये एसीचा कॉम्प्रेसर मोटरच्याच बॅटरीच्या विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही गारवा मिळतो. पण एप्रिलच्या दुपारी कोंडीत अडकलेल्या गाडीत हाच कॉम्प्रेसर बॅटरी चाटून पुसून टाकतो आणि जागेवरच इंजिन सुरू होते. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्यावर आधी काचा खाली करून कोंडलेली हवा जाऊ द्यावी, मग एसी २५-२६ अंशांवर ठेवावा.

एक गोष्ट फार थोडे लोक पाहतात. पुष्कळ हायब्रिडमध्ये मागच्या सीटजवळ एक जाळीदार झरोका असतो. त्यातून केबिनमधली गार हवा ओढून बॅटरी थंड ठेवली जाते. प्रवासाला निघताना त्यावर बॅगा किंवा चादरी येतात, आणि जाळीवर धूळ व केस साचतात. बॅटरी तापली की संगणक तिच्याकडून काम कमी करून घेतो आणि इंजिन जास्त चालते. हा झरोका मोकळा ठेवायला काही पैसे पडत नाहीत. सर्व्हिसिंगच्या वेळी त्याचा फिल्टर झटकून घ्यावा. टायरमधली हवा गार टायरवर, दाराच्या चौकटीवर छापलेल्या आकड्याप्रमाणे भरावी आणि पुस्तिकेत सांगितले असेल तेच पातळ ऑइल घालावे.

वेग आणि छापील आकडा

शहरात जिंकणारी हायब्रिड द्रुतगती मार्गावर इतर गाड्यांच्या जवळपास येते. तिथे ब्रेक लागत नाहीत, म्हणून परत मिळवायला फारसे काही नसते. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे ८० वरून १०० ला गेल्यावर तो दीडपटीहून अधिक होतो. पुण्याहून मुंबईला जाताना ८०-८५ चा स्थिर वेग ठेवणे हा बहुतेकांसाठी सर्वांत मोठा बचतीचा उपाय आहे, आणि त्याला कसलेच कसब लागत नाही.

ग्रँड व्हिटारासाठी जाहीर झालेले लिटरला २७.९७ किलोमीटर असे आकडे प्रमाणित चाचणीतून येतात. ती घेणारी देशातली प्रमुख संस्था, ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया (एआरएआय), पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. गाडी रोलरवर उभी करून ठरलेल्या आलेखाप्रमाणे सुमारे वीस मिनिटे चालवली जाते. शहरी भागात वेग ५० च्या वर जात नाही, बाहेरच्या भागात ९० च्या वर जात नाही, आणि एसी बंद असतो. अमेरिकेतही जुन्या चाचणीने प्रियसला शहरात ६० मैल प्रतिगॅलन दिले होते. २००८ पासून पद्धत बदलली, तेव्हा तीच गाडी ४८ वर आली. छापील आकडा दोन गाड्यांची तुलना करायला चांगला आहे, आपल्या गाडीकडून तो मागू नये.

आपले अ‍ॅव्हरेज मोजायचे तर डॅशबोर्डवर विसंबू नये. एकाच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, निदान पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा तशीच भरावी आणि भागाकार करावा. जुन्या नोंदींशी तुलना करताना पेट्रोलही बदलले आहे हे धरावे. २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये लिटरमागे साध्या पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी ऊर्जा असते.