बेलरेज, द

अमेरिकेतील रॉक बँड. कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड शहरात १९९० च्या सुमारास सुरू झाला. गायिका लिसा केकाउला आणि गिटारवादक बॉब व्हेनम हे पती-पत्नी या बँडचा कणा आहेत. बाकीचे वादक आले-गेले, पण या दोघांनी तीस वर्षांहून अधिक काळ तो चालता ठेवला. पंक या आक्रमक, धावत्या रॉकचा वेग, ब्लूज या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या गानप्रकाराची बांधणी आणि त्यांच्याच सोल गायकीचा भरदार गळा हे तिन्ही पूर्ण ताकदीने एकत्र नांदवणारे बँड फार थोडे, आणि त्यांत बेलरेजचे स्थान वरचे आहे. प्रसिद्धी मात्र त्या मानाने फारच कमी वाट्याला आली.

रिव्हरसाइड लॉस एंजेलिसच्या पूर्वेला आहे, एकेकाळी संत्र्यांच्या बागांसाठी नावाजलेले. लॉस एंजेलिसमध्ये रेकॉर्ड कंपन्या, क्लब, वार्ताहर असे सगळे होते. रिव्हरसाइड त्या वर्तुळाच्या बाहेर. बेलरेजची सुरुवातीची गाणी बरीचशी सोल आणि ऱ्हिदम अँड ब्लूजच्या वळणाची होती. नव्वदच्या दशकात टोनी फेट हा गिटारवादक येऊन मिळाला, व्हेनमने गिटार त्याच्याकडे सोपवून स्वतः बेस गिटार घेतली, रे चिन ड्रम्सवर बसला आणि बँडचा आवाज पार बदलला. आज बेलरेज म्हटल्यावर जो आवाज आठवतो तो या चौघांचा.

आपल्या संगीताची ओळख बँडने एका वाक्यात करून दिली आहे : ब्लूज हा शिक्षक, पंक हा धर्मोपदेशक. वाक्य चटपटीत असले तरी पोकळ नाही. ब्लूजच्या बारा मात्रागटांच्या रचनेत पहिली ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचे; सोबतीला जेमतेम तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरसमूह. थोडक्यात बोलायचे आणि ठासून बोलायचे, हे शिक्षण इथले. पुढे पंकवाल्यांनीही तीन कॉर्डवरच घर बांधले, फक्त वेग दुप्पट केला. सोलचा उगम कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील गॉस्पेल या भक्तिगायनात आहे. तिथे एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, गाणाऱ्याने श्रोत्यांना जागेवरून उठवायचे, अशी रीत. पंकच्या मैफलीत तरी याहून वेगळे काय होते?

म्हणूनच बेलरेजच्या बाबतीत ‘मिश्रण’ हा शब्द मला अपुरा वाटतो. एकाच घरातून वेगळ्या निघालेल्या भावंडांची ही पुन्हा झालेली गाठ आहे. डेट्रॉइट शहराचे उदाहरण घ्या. सोलला जगभर नेणारी मोटाउन कंपनी तिथे १९५९ मध्ये उभी राहिली, आणि पुढे ज्यांना पंकचे पूर्वज मानले गेले ते एमसी५ आणि स्टूजेस हे बँडही त्याच परिसरात वाढले. एमसी५ च्या १९६९ च्या पहिल्या अल्बममध्ये ब्लूज गायक जॉन ली हूकरने आधी गायलेले, १९६७ च्या डेट्रॉइटमधील दंगल आणि जाळपोळीवरचे ब्लूज गाणे आहे. हा धागा बेलरेजने पुढे नेला. पुढे एमसी५ चे हयात सदस्य पुन्हा दौऱ्यावर निघाले तेव्हा त्यांच्यासोबत गाण्यासाठी केकाउला उभी राहिली, ते अगदी शोभून दिसले.

‘लेट इट ब्लास्ट’ (१९९८) हा अल्बम बँडने सरावाच्या खोलीतच कॅसेट यंत्रावर मुद्रित केला. ते ऐकताना जाणवते. गिटारची धार कानाला बोचते, झांजा फुटल्यासारख्या वाजतात, आणि केकाउला वरच्या सुरावर जोर देते तेव्हा तिचा आवाजही यंत्राच्या कुवतीपलीकडे जाऊन किंचित फाटतो. गिटार आणि ड्रम्स घाईने पुढे धावत असतात, पण ती घाई तिच्या गळ्यात येत नाही. एखादा स्वर ती लांब धरते, त्याला हलका कंप देते, आणि खाली चार-पाच कॉर्ड सरकून गेल्यावर मगच सोडते. ओढाताण आहे ती इथे. ओरडणारे गायक पंकमध्ये पुष्कळ. या गदारोळात सुराला पक्के राहून गाणारे विरळा. त्याच अल्बममधील ‘ब्लूज फॉर गॉडझिला’ ऐकून पाहावे.

त्यानंतर ‘ग्रँड फ्युरी’ आला. २००२ मध्ये ‘मीट द बेलरेज’ हे संकलन ब्रिटनमध्ये पॉपटोन्सने काढले. ओअॅसिस या ब्रिटिश बँडला पुढे आणणाऱ्या अॅलन मॅगीची ही रेकॉर्ड कंपनी. स्वीडनच्या हाइव्ह्ज या बँडचे असेच संकलन पॉपटोन्सने २००१ मध्ये काढले होते आणि हाइव्ह्ज ब्रिटनमध्ये एकदम वर गेले. स्ट्रोक्स, व्हाइट स्ट्राइप्स या बँडमुळे तेव्हा गॅरेज रॉकचे, म्हणजे साध्या, रांगड्या रॉकचे वारे जोरात होते. बेलरेजचे युरोपात स्वागत झाले, कार्यक्रम भरले, पण त्या लाटेचे फळ त्यांच्या पदरात पडले नाही. ‘द रेड, व्हाइट अँड ब्लॅक’ (२००३) अल्टरनेटिव्ह टेंटॅकल्स या पंक रेकॉर्ड कंपनीने काढला. तो बँडच्या सर्वांत धगधगत्या अल्बमपैकी एक आहे.

बेलरेजला प्रसिद्धी का मिळाली नाही, याचे एक कारण जुने आहे. अमेरिकेत संगीताची वर्गवारी आधी वर्णावरून झाली. बिलबोर्ड या संगीतव्यवसायाच्या नियतकालिकाच्या ज्या यादीचे नाव १९४९ मध्ये ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ झाले, तिला त्याआधी उघडपणे ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्ड्स म्हणत. ‘हाउंड डॉग’ पहिल्यांदा बिग मामा थॉर्नटन या कृष्णवर्णीय गायिकेने गायले; जगाला ते १९५६ च्या गोऱ्या एल्विस प्रेस्लीचे म्हणून ठाऊक आहे. रॉक ही गोऱ्या मुलांची मिरासदारी, आणि कृष्णवर्णीय स्त्री गायली की ते सोल, हा समज पुढेही दुकानांतल्या फळ्यांवर आणि रेडिओ केंद्रांत टिकून राहिला. बेलरेज कोणत्या फळीवर ठेवायचे, हे विकणाऱ्यांना कळेना. समीक्षकांनीही ‘टीना टर्नर (प्रसिद्ध सोल आणि रॉक गायिका) आणि एमसी५ यांची जोडी’ असे म्हणून काम उरकले. ते स्तुतीने म्हटले असले तरी त्यात केकाउलाचे स्वतःचे काही उरत नाही, आणि फेट-व्हेनम यांच्या गीतरचनेकडे तर कोणी पाहतच नाही.

केकाउलाचा आवाज लाखोंपर्यंत पोचला तो दुसऱ्याच वाटेने. लंडनच्या बेसमेंट जॅक्स या नृत्यसंगीताच्या जोडीच्या ‘किश कॅश’ (२००३) या अल्बममधील ‘गुड लक’ तिने गायले. ते ब्रिटनच्या पहिल्या वीस गाण्यांत गेले आणि अल्बमला ग्रॅमीही मिळाले. ते गाणे पाठ असणाऱ्या कितीतरी जणांनी बेलरेजचे नावही ऐकलेले नाही, याची हळहळ वाटते.

‘हॅव अ लिटल फेथ’ (२००६) मध्ये बँडने वेग उतरवून सोलला अधिक जागा दिली. ज्यांना गोंगाट सोसत नाही त्यांनी इथून सुरुवात करावी. फेट बाहेर पडल्यावर व्हेनम पुन्हा गिटारकडे वळला. ‘हार्ड, स्वीट अँड स्टिकी’ (२००८) आणि ‘ब्लॅक लाइटनिंग’ (२०१०) यांत आवाज अधिक साफसूफ आहे; माझ्या मते थोडा जास्तच. ‘पंक फंक रॉक सोल’ या नावाने २०१७ आणि २०१८ मध्ये आलेल्या दोन भागांत मात्र जुनी रग परतली.

ध्वनिमुद्रणापेक्षा प्रत्यक्ष कार्यक्रमांवर या बँडचा लौकिक अधिक आहे. भरघोस आफ्रो केसांची केकाउला माइक घेऊन थेट श्रोत्यांच्या गर्दीत उतरते. ‘बॉब अँड लिसा’ या नावाने दोघे वेगळे कार्यक्रमही करतात. तिथे सगळा लवाजमा बाजूला ठेवलेला असतो. एक गिटार आणि एक गळा, इतकेच.